बोटीवरचा लहान तवा

लुईस बेट
शनिवार, १४ ऑक्टोबर १९७८

प्रिय डोलिना,

बटाटे निघाले. यंदा गुलाबी बटाटा चांगला धरला आहे. शिजवला की साल फोडून आपसूक पिठासारखा मोकळा होतो. देवाची कृपा. पण बांधावर उभं राहून ओरडायला आई नव्हती. त्यामुळे काम लवकर झालं आणि चुकल्यासारखंही वाटलं.

तिच्या कमरेचं हाड सांधलं असं डॉक्टर म्हणतात. ती पलंगापासून खुर्चीपर्यंत चालते, त्यापुढे नाही. बोटांत सुईसुद्धा धरवत नाही, तर लाटणं कुठलं धरवणार! दुकानातला पाव समोर ठेवला की म्हणते, "हे गुरांना घाल." मी म्हणतो, "गुरं कुठे आहेत आता आपल्याकडे?" तर म्हणते, "मग तू खा." तिला तव्यावर भाजलेले बटाट्याचे स्कोनच हवेत. शेजारच्या पेगीने करून आणले, तर तसेच परत पाठवले. "माझ्या घरात तवा आहे, मी भिकारीण नाही," असा निरोप वर. पेगी आता माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. नदीपलीकडच्या गावातली मर्डिना तुला आठवत असेल. मूळची उत्तरेकडच्या नेसची, शाळेत स्वयंपाक करते, नवरा समुद्रात बुडून गेला. घरच्या मागावर विणलेलं कापड गिरणीच्या गाडीपर्यंत न्यायचं तर तिच्या दारावरूनच जावं लागतं. आधी पाऊस असला तरच मी तिथे थांबत असे. नंतर पावसाची गरज राहिली नाही. आम्ही लग्न करायचं म्हणतो आहोत.

अडचण तुला ठाऊक आहे. तू ग्लासगोला निघून गेलीस त्या दिवशी आई तव्यावर हात ठेवून काय म्हणाली, ते तू ऐकलं नसशील, मी ऐकलं आहे. "मुलगी गेली. आता माझ्या जिवात जीव आहे तोवर या तव्याला दुसऱ्या बाईचा हात लागणार नाही." मर्डिनाला मी हे सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "ज्या घरात तव्याला हात लावता येत नाही त्या घरात मी पाहुणी. आणि पाहुणी म्हणून मला म्हातारं व्हायचं नाही." बेटाबाहेर, इनव्हर्नेसला शाळेच्या वसतिगृहात तिला स्वयंपाकिणीची जागा मिळते आहे. मार्चमधल्या प्रभुभोजनाच्या रविवारपर्यंत ती थांबेल. तोवर मी आईशी बोलायचं. नाही बोललो तर ती बोट धरणार.

तू हिवाळाभर ये, डोलिना. तव्याचा मान तुझा होता. तो तुझ्या हातात आला, तर तुझ्या हातून पुढे कुणाकडे तरी जाऊ शकेल. चर्चमध्ये मंडळीपुढे स्तोत्राचा पहिला सूर मी लावतो, सगळी मंडळी तो उचलते. घरात मात्र मला तोंड उघडता येत नाही.

तुझा भाऊ,
नॉर्मन


ग्लासगो
२३ ऑक्टोबर

प्रिय नॉर्मन,

पन्नाशीला टेकलेल्या माणसाने बहिणीला पत्र लिहून प्रेम कळवावं, आणि त्यात आधी बटाट्यांचं पीक सांगावं! मर्डिनाला सांग, माझा आशीर्वाद आहे. तिची कीवही येते.

यायचं म्हणशील तर जमणार नाही. माझ्या वॉर्डात निम्म्या परिचारिका कमी आहेत आणि संपाची भाषा चालू आहे. उगाच आशा धरू नकोस.

स्कोन मात्र तू कर. नीट वाच. बटाटे सालासकट उकड. पाणी काढून टाकलंस की भांडं पुन्हा चुलीवर धर, आतली वाफ जाऊ दे. गरम असतानाच सोल, बोटं भाजली पाहिजेत. भाजली नाहीत तर तुला उशीर झालाय असं समज. लगेच कुसकर, एकही गाठ नको. लोणी, मीठ. मग पीठ. किती ते विचारू नकोस, बटाटा मागेल तेवढंच. आणि मळू नकोस! तू दोरखंड वळत नाहीयेस. नुसतं गोळा कर, पातळ लाट, तव्याएवढा गोल, काट्याने टोच, सुरीने चार तुकडे. कोरड्या तव्यावर चिमूटभर पीठ टाकून बघ. सावकाश तांबूस झालं तर तवा तयार, झटकन काळं झालं तर तू घाई केलीस. एकदाच उलटायचा. काढला की स्वच्छ फडक्यात गुंडाळायचा, नाहीतर चामडं होतं.

शनिवारी जास्त कर, म्हणजे रविवारी, शब्बाथला, काही शिजवायला नको, चूल नुसती उबेला ठेवता येईल. हे तुला मी शिकवायला नको.

डोलिना


२० नोव्हेंबर

प्रिय डोलिना,

पहिल्या शनिवारी पीठ जास्त झालं. आईने स्कोन हातात धरला, उलटा केला, आणि विचारलं, "बुटाला लावायचा का?" दुसऱ्या शनिवारी बटाटे उकडून ठेवले आणि मागावर बसलो. एक धागा तुटला, तो जोडेपर्यंत बटाटे गार. तरी केले. त्यांचा रंग पाण्यात बुडालेल्या माणसासारखा होता. आईने ते झाकून ठेवायला सांगितले.

पण आता बरं चाललं आहे. शनिवारी दुपारी मी गरम स्कोन फडक्यात गुंडाळून तिच्यापुढे ठेवतो, ती एकाचे तीनही तुकडे खाते आणि फडक्यावरचं पीठ बोटाने टिपते. अंगात थोडं मांस आलं आहे. देवाचे आभार.

मर्डिनाबद्दल अजून बोललो नाही. तू नाताळात दोन दिवस तरी ये.

नॉर्मन


ग्लासगो
२ डिसेंबर

प्रिय नॉर्मन,

शाबास! बेटावरचा पहिला पुरुष, ज्याच्या हातचे स्कोन आपल्या आईने खाल्ले. बाबांना हे सांगितलं असतं तर ते उठून बसले असते.

माझ्या मनावरचं ओझं उतरलं. ती खातेय, तुला करता येतंय, मग नाताळात मी येण्याची तशी गरज उरली नाही. नाहीतर मी सुट्टीसाठी हातापाया पडायच्या बेतात होते. तू सांभाळतो आहेस, देव तुला याचं फळ देईल.

आणि तीनच तुकडे का रे? चौथा तू तव्याशीच उभा राहून खातोस वाटतं. लहानपणी लोणी चाटायचास, अगदी तस्साच.

डोलिना


१६ डिसेंबर

प्रिय डोलिना,

तुझं पत्र वाचलं आणि माझ्याच हाताने दार लावून घेतल्यासारखं झालं.

ते स्कोन माझे नाहीत. मर्डिनाचे आहेत. तिसऱ्या शनिवारी मी तिच्या दारात गेलो तेव्हा हाताला पीठ होतं आणि तोंडावर जे काही होतं ते तिने पाहिलं. तिने नुकतेच केले होते. फडक्यात बांधून दिले. "ने. म्हातारी उपाशी राहायला नको. कुणी केले ते तिला सांग." सांगायचं ठरवूनच मी निघालो होतो. आईने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "शिकलास बरं का रे." डोलिना, बाबा गेल्यापासून तिने मला असं काही म्हटलं नव्हतं. मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तेच गार स्कोन समोर ठेवून मी मोठ्याने उपकारस्तुती केली. खोट्यावर देवाचा आशीर्वाद मागताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही, आणि याचीच मला जास्त भीती वाटते.

आता दर शनिवारी मी शेतावरच्या साठ्यातून बटाटे आणायला जातो म्हणतो, आणि नदी ओलांडून जातो. मर्डिना परवा म्हणाली, "म्हणजे मी तुझ्या घरात आले तर आहे. फक्त तुझ्या नावाने." ती हसली नाही.

काल आई म्हणाली, "आता मी निर्धास्त मरेन. तुला सगळं येतं. बायकोवाचून काही अडणार नाही तुझं." मी मागाच्या खोलीत जाऊन बसलो. दिवसभर पायडल मारतो, वारभर कापड पुढे सरकतं, मी तिथेच असतो. हे पूर्वी कधी जाणवलं नव्हतं.

खरं सांगितलं तर ती खायचं बंद करेल. नाही सांगितलं तर मी असाच राहीन. काय करू?

नॉर्मन


ग्लासगो
८ जानेवारी १९७९

प्रिय नॉर्मन,

बोटी बंद होत्या, तुझं पत्र आत्ता मिळालं.

काय करू म्हणून विचारतोस? तोंड उघड. खायचं बंद करेल! एक दिवस करेल, दोन दिवस करेल. भूक कुणाच्या बापाचं ऐकत नाही, आपल्या आईचंही ऐकणार नाही.

मी रागाने लिहिते आहे, कारण मला लाज वाटते आहे. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. मला यायचं नव्हतं. मी एकदा त्या घरातून बाहेर पडले आहे, नॉर्मन. दारातून पुन्हा आत पाऊल टाकलं की ती तवा माझ्या हातात देईल, आणि मग मी कधीच निघणार नाही, हे मला इथे बसून दिसतं. माझ्या सुटकेची किंमत तू भरलीस, हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस. बोलला असतास तर बरं झालं असतं.

मर्डिनाने मार्चपर्यंतची मुदत दिली आहे ना? मग शहाणा असशील तर मार्चची वाट बघू नकोस.

डोलिना


१४ मार्च १९७९

प्रिय डोलिना,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं मी काही केलं नव्हतं. आता झालं आहे ते वाच.

प्रभुभोजनाच्या सोहळ्याला गुरुवारपासून परगावची मंडळी येऊ लागली. आपल्या घरी नेसहून कॅटी-अ‍ॅन आणि तिचा भाऊ उतरले. कॅटी-अ‍ॅन ऐंशीच्या पुढची आहे, एक डोळा गेलेला, जीभ शाबूत. आईला सोबत मिळाली. दोघी मिळून मेलेल्यांची चौकशी करत बसायच्या. शनिवारी मी नदीपलीकडे गेलो. मर्डिनाने दुप्पट स्कोन केले होते, पाहुण्यांसाठी. बांधताना म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत मी आहे, नॉर्मन. सोमवारच्या बोटीचं ठरवलंय." मी म्हटलं, "आज बोलतो." घरी आलो तर आईच्या खोलीत चार माणसं प्रार्थनेला बसलेली. मीही गुडघ्यावर बसलो.

रविवारी उपासना लांबली. मर्डिना समोर दुसऱ्या बाकावर होती. मी सूर लावला की तिची मान किंचित वर व्हायची. चर्चच्या दारात ती क्षणभर थांबली. मागे मंडळी, बाजूला पाळक. मी म्हणालो, "आभाळ मोकळं झालंय." ती म्हणाली, "हो. मोकळं झालंय." आणि गेली.

घरी जेवायला बसलो. गार मटण, गार स्कोन. मी उपकारस्तुती केली. कॅटी-अ‍ॅनने तुकडा उचलून चांगल्या डोळ्याजवळ नेला, चावला, आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"अगं बाई! हा तर बोटीवरचा तवा!"

भाऊ म्हणाला, "काय बोलतेस, जेव गपचूप."

"अरे, मी या तव्यावरचं किती वर्षं खाल्लंय. मर्डिनाचा बाप बोटीवर स्वयंपाकी नव्हता का? बोट मोडीत निघाली तेव्हा तो तवा घरी घेऊन आला. एवढासा! चार तुकडे केले तर घासालासुद्धा पुरायचे नाहीत, म्हणून त्यांच्याकडे तीन करायचे. सगळ्या नेसमध्ये तेवढ्या एका घरात तीन. मर्डिना इथे दिलीय ना? कुठे आहे पोरगी? येते वाटतं तुमच्याकडे करायला?"

जवळजवळ चार महिने मी ते त्रिकोण आपल्या घरात आणत होतो, आणि आपला तवा त्याच्या दुप्पट आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. जो तवा रोज माझ्या डोक्यावर खिळ्याला टांगलेला असतो, तो.

आईने घास गिळला. माझ्याकडे पाहिलं, रागावून नाही. "तवा लहान आहे हे मला पहिल्याच शनिवारी दिसलं," ती म्हणाली. मग कॅटी-अ‍ॅनकडे वळून, "आज शब्बाथ आहे. अशा गोष्टी उद्या."

आणि खरंच, डोलिना, कुणी एक शब्द बोललं नाही. तुला आपलं घर माहीत आहे. ताटं तशीच बाजूला ठेवली. संध्याकाळची उपासना झाली. मर्डिना आली नव्हती. नदी ओलांडून जावं असं मला दहादा वाटलं, आणि आजच्या दिवशी अशा कामाला जायचं नाही, हे मी स्वतःला दहादा सांगितलं. मी ते आज्ञा म्हणून पाळलं की आडोसा म्हणून, हे देवाला ठाऊक. मला ठाऊक आहे असंच वाटतं.

सोमवारी पहाटे आईनेच हाक मारली. "बस," म्हणाली. "तू बोलशील त्या दिवशी जाशील, हे मला माहीत होतं. म्हणून मी काही न विचारता खात राहिले. स्कोन चांगले होते, हेही खरं." मग म्हणाली, "इथे काय बसलास? जा."

मी धावत गेलो. मर्डिनाचं दार बंद होतं. खिडकीतून आत पाहिलं. चूल झाडून घेतलेली, भिंतीवर खिळा, आणि खिळ्याखाली धुराने काळं न झालेलं एक लहानसं गोल. रस्त्यावर दुधाची गाडी भेटली. गाडीवाला म्हणाला, "तिला मीच बंदरावर सोडून आलो. सामान फार नव्हतं. पण एक गाठोडं भलतंच जड!"

नॉर्मन


१५ मार्च

डोलिना,

डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून थोडक्यात. नॉर्मनने सगळं लिहिलं असेल. त्याने स्वतःला वाईट म्हटलं असेल, त्यातलं अर्धं माझ्या नावावर मांड.

दोन दिवस झाले, तो मागावर बसतो आणि माग चालवत नाही. इतकी शांतता मला सोसत नाही.

मी एकदा तव्यावर हात ठेवून एक गोष्ट बोलले. तेव्हा तुझा राग आला होता, आणि तो घरात जो होता त्याच्यावर निघाला. आता तवा मला उचलवत नाही. लोखंडाला काही कळत नाही, आपणच त्याला शपथा घालतो.

तुला बोलावत नाही. फक्त कळवते की माझ्याजवळ कुणी असलं तर तो जाऊ शकेल.

आई


ग्लासगो
१९ मार्च

नॉर्मन,

"तुला बोलावत नाही." हे लिहून तिने मला ज्या पद्धतीने बोलावलं, ते फक्त तिलाच जमतं. हसावं की रडावं कळेना, वॉर्डातल्या पोरींपुढे मी दोन्ही केलं.

शनिवारी येते. परतीचं तिकीट काढलेलं नाही. ते का, हे मला विचारू नकोस, मीही स्वतःला विचारलेलं नाही. ज्या बोटीने मी उतरेन त्याच बोटीवर तू चढ. इनव्हर्नेसला रात्रीच्या आत पोहोचशील आणि तुझा शब्बाथही मोडणार नाही. धक्क्यावर भेटू तेव्हा मला समजावत बसू नकोस. माझं मन बदलेल.

डोलिना


शनिवार, २४ मार्च १९७९

प्रिय डोलिना,

धक्क्यावर आपल्याला फार वेळ मिळणार नाही, आणि मिळाला तरी मी हवामानाबद्दलच बोलेन. म्हणून हे टेबलावर ठेवून जातो.

आईचा चहा काळा होईपर्यंत उकळायचा. गोळ्या ती उशीखाली लपवते, रोज बघ. चुलीत जाळायच्या पीटच्या सुक्या विटा दाराच्या डाव्या हाताच्या ढिगात आहेत, उजवीकडच्या ओल्या आहेत. पेगी आज तू येईपर्यंत सोबतीला बसायला तयार झाली आहे. आईनेच तिला निरोप पाठवला. काय पाठवला ते मला कुणी सांगत नाही.

मर्डिनाला मी पत्र टाकलं होतं. उत्तर आलं नाही. ती दार उघडेल की नाही, मला माहीत नाही. वसतिगृहाचा पत्ता एवढाच माझ्याकडे आहे. मी कधी बेट सोडलं नाही. रात्रभर वाटत होतं की नदी ओलांडून जाणं किती सोपं होतं, तेव्हा आपण आभाळाबद्दल बोललो.

भिंतीवर तवा शोधू नकोस. तो मी घेऊन चाललो आहे. आईनेच खिळ्यावरून काढायला लावला आणि म्हणाली, "त्या पोरीचा तवा लहान आहे. दोघांना पुरायचा नाही. माझ्याकडून दे." मी म्हटलं, "आणि डोलिना कशावर करेल?" तर म्हणाली, "डोलिना कढईत करील, तिला शहराची सवय आहे." तेव्हा तू सुटलीस असं धर. निदान तव्यापासून.

निघण्याआधी त्यावर एकदा मी स्वतः केले. बटाटे गरमच सोलले, बोटं भाजली. तरी पीठ जास्त झालं, एक बाजू करपली, आणि गोल काही गोल झाला नाही. चार तुकडे केले. तीन फडक्यात बांधून बरोबर घेतले आहेत. तिच्यापुढे ठेवायला माझ्याकडे दुसरं काही नाही. चौथा आईला दिला. ती बराच वेळ चावत राहिली. मर्डिनाचा आणलेला असता तर एव्हाना 'शिकलास' म्हणाली असती, असं वाटून उगाच दाराशी उभा राहिलो.

शेवटी तिने गिळला आणि पाणी मागितलं.

"हा मात्र तुझाच," म्हणाली.

नॉर्मन